जुन्या फियाटमध्ये मागे मोठे स्पीकर बसवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी १९७९ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी घेतली, आता मी चालवतो. तिच्या मागच्या काचेखालच्या ट्रेवर स्पीकरसाठी आजवर दोनदा काम झालं. पहिल्यांदा घाईत झालं आणि पत्र्याचं कायमचं नुकसान झालं, दुसऱ्यांदा सावकाश आणि मनासारखं झालं. जुन्या फियाटवाल्यांचे फोन येतात तेव्हा फिरून फिरून हेच प्रश्न निघतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली आहेत. 'फियाट' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर १९६४ची डिलाइट, वर्षभर 'प्रेसिडेंट' नावाने निघालेली गाडी आणि १९७४पासूनची पद्मिनी अशा तिन्ही आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली ही एकाच घराण्यातली भावंडं, त्यामुळे बहुतेक गोष्टी तिघींनाही लागू पडतात.

मागे स्पीकरची मूळ जागा असते का?

मोठ्या स्पीकरची नसते. ही गाडी आखली गेली तेव्हा गाडीत रेडिओ असणं हीच चैन होती, आणि तो एका स्पीकरवर वाजायचा. मागच्या काचेखालच्या ट्रेमध्ये आज दिसणारी गोल भोकं बहुतेक वेळा कॅसेटच्या काळात कुणीतरी पाडलेली असतात, चार इंची स्पीकरसाठी. गाडी तुमच्याकडे तिसऱ्या-चौथ्या हाताने आली असेल तर कुणी काय कापलंय ते आधी बघा. ट्रेचा पुठ्ठा उचला, डिकीत टॉर्च घेऊन आडवे व्हा आणि खालून वर पाहा. पुढचे सगळे निर्णय तिथे काय दिसतं त्यावर ठरतील.

किती मोठे स्पीकर घ्यावेत?

सहा बाय नऊ इंची अंडाकृती. दुकानात नुसतं 'सहा-नऊ' म्हटलं तरी कळतं. ट्रे रुंदीला भरपूर आणि खोलीला कमी असतो, त्यामुळे लांबट स्पीकर आडवा टाकला की जागा बरोबर वापरली जाते. चार इंची गोल स्पीकरचं क्षेत्रफळ नावाच्या मापावरून साडेबारा चौरस इंच येतं आणि सहा-नऊचं बेचाळीसच्या वर. म्हणजे हवा ढकलणारा पडदा तिपटीहून मोठा झाला. डग्ग्याची घुमक किंवा पखवाजाची थाप चार इंचीत नुसती 'टप' अशी का ऐकू येते, ते या आकड्यांत आहे.

साडेसहा इंची गोल स्पीकर हा मधला मार्ग आहे. ट्रे आधीच अरुंद किंवा वाकलेला असेल तर तोच घ्या. आठ-दहा इंची वूफर (फक्त खालच्या सुरांचा स्पीकर) ट्रेमध्ये बसवू नका. त्याचं वजन आणि हादरे त्या जागेला झेपत नाहीत.

त्यासाठी गाडीचा पत्रा कापावा लागतो का?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला गेला पाहिजे, पण बहुतेकांना तो कापून झाल्यावर सुचतो. माझं उत्तर एकच: कापू नका.

आमच्या गाडीचं पहिलं काम एका दुकानात करून घेतलं होतं. कारागिराने पुठ्ठा काढला, स्पीकर उपडा ठेवून पेन्सिल फिरवली आणि छिन्नी-हातोड्याने पत्रा फोडून काढला. अर्ध्या तासात गाणी सुरू झाली, आम्हीही खूश. दुसऱ्या पावसाळ्यात डिकीतल्या स्टेपनीवर तांबूस थेंबांची एक ओळ दिसली. स्पीकर काढून पाहिलं तर कापलेल्या कडेवर रंगही नाही, प्रायमरही नाही, बोटाने दाबलं की पापुद्रे सुटत होते. मागच्या काचेच्या रबरातून झिरपणारं पाणी त्या उघड्या कडेवर येऊन थांबत होतं. तो पत्रा पुढे डेंटरकडून जोडून घेतला. पण जोडलेला पत्रा जोडलेलाच राहतो, मूळ पत्र्याची सर त्याला येत नाही.

उद्या स्पीकर बदलता येतील, अँप (आवाज वाढवणारा अँप्लिफायर) बदलता येईल. कुर्ल्यातला तो कारखाना मात्र आता पद्मिनीचा पत्रा दाबत नाही. म्हणून मूळ पत्रा तसाच ठेवायचा आणि त्याच्यावर वेगळा, स्क्रूने निघणारा प्लायचा ट्रे बसवायचा. पत्र्यात आधीच पोकळी किंवा जुनं भोक असेल तर स्पीकरचा मॅग्नेट त्यातून खाली जाऊ द्यावा. जागा पुरत नसेल तर स्पीकरखाली प्लायची एक किंवा दोन कडी टाकून तो वर उचलावा. उंची किती वाढवायची याला मर्यादा आहे: ड्रायव्हरच्या सीटवर बसून आतल्या आरशात मागची काच पूर्ण दिसली पाहिजे.

जुन्या मालकाने आधीच कापलेलं असेल तर कड कानसून गुळगुळीत करा, गंज घासा, रेड ऑक्साइडचे दोन हात द्या, वर रंग मारा, मगच पुढचं काम. ही दोन तासांची मेहनत टाळू नका.

प्लायचा ट्रे कसा बनवायचा?

पुठ्ठ्याचा जुना ट्रे फाटका असला तरी टाकू नका, तोच तुमचा साचा आहे. तो नसेल तर फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या आणि काचेच्या बाजूचा बाक कात्रीने थोडा थोडा कापत जुळवा. डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी असेलच असं धरू नका, या गाड्यांचं बरंच काम हाताने झालेलं आहे. दोन्ही बाजू स्वतंत्र मोजा.

साचा जमला की १२ मिमी प्लायवर उतरवा. स्पीकरच्या डब्यात कापायच्या भोकाचा कागदी साचा येतो, तोच वापरा, कारण सहा-नऊ हे नावाचं माप आहे आणि प्रत्यक्ष भोक कंपनीगणिक थोडं बदलतं. जिगसॉने कापण्याआधी प्लाय एकदा गाडीत ठेवून बघा. मागच्या काचेच्या उतारामुळे स्पीकरची जाळी काचेला घासते की काय, ते तेव्हाच कळतं.

खाली मॅग्नेटला जागा आहे का, हे तपासायची आमच्या घरातली युक्ती सांगतो. मॅग्नेट जिथे येणार तिथे त्याच्याएवढ्या खोलीचा कणकेचा गोळा खालून चिकटवायचा आणि डिकीचं झाकण हळू बंद करायचं. उघडल्यावर गोळ्यावर बिजागराच्या हाताचा किंवा आणखी कशाचा ठसा उमटला असेल, तर तेवढी जागा कमी आहे. सहा-नऊ स्पीकरची खोली साधारण ७५ ते ९० मिमी असते. खरेदीआधी ही कणकेची परीक्षा करा.

ड्रिल लावण्यापूर्वी पेट्रोलची टाकी, तिची मान आणि पाईप कुठून जातात ते डोळ्यांनी पाहून घ्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. टाकीजवळ ठिणगी उडेल असं काहीही करायचं नाही.

शेवटी प्लायच्या सर्व बाजूंना, कापलेल्या कडांनासुद्धा, प्रायमर किंवा वॉर्निश द्या आणि वर सीटच्या रंगाचं रेक्झिन ओढून चिकटवा. गाडीच्या सीट शिवणारा कारागीर हे काम सुंदर करतो. आमच्याकडे मूळ सीटचं रेक्झिन शिल्लक होतं, तेच लावलं. आता पाहणाऱ्याला तो ट्रे मूळचाच वाटतो.

प्लायऐवजी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी) चालेल? दुकानदार तेच सांगतो.

घरातल्या खोक्याला चालेल. मुंबई, कोकण, गोव्याच्या हवेत, गळक्या काचेखाली नाही चालत. एमडीएफ पाणी पितं, फुगतं आणि स्क्रू धरत नाही. पाण्यात टिकणारा चांगला प्लाय घ्या. काम सुरू करण्याआधी एकाने आत बसून दुसऱ्याने मागच्या काचेवर पाच मिनिटं पाईपने पाणी मारा. गळत असेल तर आधी रबर बदला.

स्पीकर निवडताना काय बघायचं? डब्यावर चारशे-पाचशे वॅट लिहिलेलं असतं.

तो मोठा आकडा विसरा, तो क्षणभराच्या झटक्याचा असतो. सलग झेपणारी ताकद आरएमएस या नावाखाली लिहिलेली असते. आपल्यासाठी त्याहूनही महत्त्वाचा आकडा संवेदनशीलतेचा आहे, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो तो. ८९ डेसिबलच्या स्पीकरला जेवढ्या आवाजासाठी २० वॅट लागतात, तेवढाच आवाज ९२चा स्पीकर १० वॅटमध्ये देतो. तीन डेसिबल म्हणजे निम्मी वीज. नवीन गाडीत हा फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण डायनॅमो (इंजिनवर फिरून वीज बनवणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) असलेल्या गाडीत सगळं गणित याच्यावर उभं आहे.

दुसरं, पडद्याभोवतीची कड रबराची घ्या. फोमची कड आपल्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होते. पडदा कागदाऐवजी पॉलीप्रॉपिलीनचा असावा, कारण मागच्या काचेतून उन्हाळाभर त्याच्यावर थेट ऊन पडणार आहे. भरउन्हात उभ्या गाडीच्या ट्रेला हात लावून पाहिलात की मी काय म्हणतो ते कळेल.

माझ्या गाडीत अजून डायनॅमो आहे. झेपेल का?

झेपेल, पण हिशेबाने. डायनॅमोचा स्वभाव असा की इंजिन मंद फिरत असताना तो जवळजवळ काही देत नाही. सिग्नलला डॅशवरचा लाल दिवा मिणमिणतो तो त्यामुळेच. तेव्हा सगळा भार बॅटरीवर असतो.

आता भार मोजू. दोन हेडलाइट ४५-४५ वॅटचे धरले तर १२ व्होल्टला साडेसात अँपिअर. इग्निशन, मागचे दिवे आणि पावसात वायपर वेगळे. त्यात दोन बाजूंना ५० वॅट आरएमएस देणारा साध्या जातीचा अँप पूर्ण आवाजात बाराएक अँपिअर मागतो. संगीत सतत पूर्ण आवाजात नसतं, त्यामुळे सरासरी तीन-चार अँपिअरच येते, पण जुलैच्या संध्याकाळी हेडलाइट, वायपर आणि अँप एकत्र लावून शहराच्या गर्दीत तासभर अडकलात तर बॅटरी नक्की खाली जाईल.

म्हणून डायनॅमोच्या गाडीत वेगळा अँप नको. चांगल्या डेकमधून, म्हणजे डॅशमधल्या म्युझिक प्लेयरमधून, दर चॅनेलला खरे पंधरा ते वीस वॅट मिळतात. ९२ डेसिबलच्या सहा-नऊला तेवढे पुष्कळ होतात, काचा खाली असतानाही. अँप हवाच असेल तर 'क्लास डी' जातीचा छोटा घ्या, तो वीज कमी खातो आणि तापतही कमी.

बरेच जण डायनॅमो काढून अल्टरनेटर (मंद इंजिनवरही वीज देणारं नवं यंत्र) बसवतात. मी बसवला आहे आणि मला त्याची खंत नाही, कारण मूळ डायनॅमो, कटआउट (डायनॅमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच) आणि ब्रॅकेट घासून, ग्रीस लावून पेटीत ठेवले आहेत. मात्र हे काम चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

वायरिंग कसं करावं?

जुन्या वायरिंगला हात लावू नका आणि त्यातून काहीही चोरून घेऊ नका. घड्याळाच्या किंवा आतल्या दिव्याच्या वायरला अँप जोडलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. चाळीस-पन्नास वर्षांत ते आवरण कडक होऊन तडकलेलं असतं.

अँपसाठी बॅटरीपासून थेट नवीन वायर आणायची, सहा चौरस मिमी तांब्याची. बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात फ्यूज घाला, छोट्या अँपला २० अँपिअर पुरे. फ्यूज अँपजवळ लावून उपयोग नाही. वाटेत कुठे वायर सोलवटून पत्र्याला टेकली तर आग तिथेच लागते, आणि त्या जागेच्या आधी फ्यूज नसेल तर थांबवणारं काहीच उरत नाही. इंजिनच्या बाजूने आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट घाला आणि वायरवर स्लीव्ह चढवा.

आत आल्यावर दाराखालची पट्टी उचलून तिच्याखालून वायर मागे न्या. पॉवरची वायर एका बाजूने, आवाजाच्या वायरी दुसऱ्या बाजूने. स्पीकरला दीड चौरस मिमी पुरते. अर्थिंग डिकीत पत्रा घासून उघडा करून, लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) दाबून, बोल्टने घट्ट करा आणि वर ग्रीस लावा. वायरी नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळू नका, उन्हाने तिचा गोंद सुटतो.

मोठे स्पीकर लावले तरी बास येत नाही. स्पीकर खराब निघाले का?

बहुधा नाही. दोन कारणं असतात.

पहिलं, एका स्पीकरच्या वायरी उलट लागल्या आहेत. मग एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो आणि खालचे सूर एकमेकांना मारतात. तपासायला पेन्सिल सेल पुरतो. स्पीकरच्या वायरी डेक किंवा अँपकडून सोडवा, सेलचं अधिक टोक त्याच वायरीच्या अधिकला आणि उणे उण्याला क्षणभर टेकवा. पडदा तांदळाच्या दाण्याएवढा पुढे उडी मारतो. दोन्ही बाजूंना पुढेच आला पाहिजे. आमच्या डावीकडचा मागे गेला, वायर बदलली आणि त्याच कॅसेटमधला पखवाज एकदम भरून आला.

दुसरं कारण हवेची गळती. स्पीकरचा पडदा पुढे हवा दाबतो तेव्हा मागे तेवढीच पोकळी तयार होते. मागचा आणि पुढचा आवाज एकत्र आले की बास विरतो. इथे डिकी हेच तुमचं खोकं आहे, आणि ते आतल्या भागापासून बंद हवं. फियाटच्या मागच्या सीटची पाठ काढून पाहा, तिच्यामागे आणि कडेला डिकीत उघडणाऱ्या फटी दिसतील. तिथे जाड फेल्ट किंवा पातळ प्लाय लावून फटी बुजवा. ट्रे जिथे पत्र्यावर टेकतो तिथे सलग फोमची पट्टी लावा. नंतर गाणं सुरू ठेवून कडेने तळहात फिरवा, जिथे वारा लागेल तिथे अजून फट आहे. या एका दुपारच्या कामाने जो फरक पडतो, तो महागडा अँप घेऊनही पडत नाही.

इंजिन वाढवलं की स्पीकरमधून शिट्टी किंवा 'करकर' येते.

वेगाबरोबर चढणारी शिट्टी ही चार्जिंगची, आणि तिचं मूळ बहुधा कच्च्या अर्थिंगमध्ये असतं. तेच आधी उघडून घट्ट करा. ठोक्याठोक्याने येणारी करकर ही स्पार्कची. सीबी पॉइंट (स्पार्कसाठी वीज जोडणारा-तोडणारा संपर्क) आणि त्याचा कंडेन्सर तपासा, प्लगच्या वायरी रेझिस्टन्सच्या टाका. आवाजाची वायर पॉवरच्या वायरीला लागून गेली असेल तर ती हलवा. यानंतरही राहिली तर फिल्टर लावा, आधी नको.

डॅशबोर्डला हात न लावता ब्लूटूथ वगैरे होईल का?

होईल. आजच्या डेकसाठी डॅशचा पत्रा कापणं मला मागचा पत्रा कापण्याहून जास्त दुखतं. जुना रेडिओ असेल तर जागीच राहू द्या. ब्लूटूथ असलेला छोटा अँप सीटखाली किंवा डॅशखाली ब्रॅकेटवर लपवता येतो, आवाज फोनवरून कमी-जास्त करता येतो.

पुढचे स्पीकर काढून टाकले तर?

नका काढू. सगळा आवाज मागून आला की गाणारा मागच्या सीटवर बसल्यासारखा वाटतो. पुढे छोटे चार इंची असू द्या, गळा आणि हार्मोनियम त्यांच्याकडे, आणि मागच्यांनी फक्त भर घालायची. फेडर (पुढचा-मागचा आवाज वाटणारं बटण) तसा लावा.

खोक्यातले तयार स्पीकर ट्रेवर ठेवले तर कापाकापीच नको ना?

नव्वदीत सगळ्यांनी ठेवले होते. पण स्क्रूने न बांधलेलं दोन-तीन किलोचं खोकं जोरात ब्रेक लागल्यावर मागच्या सीटवरच्या माणसाच्या डोक्यात येतं. मागे हेडरेस्टही नसतं. घट्ट बांधणार असाल तरच ठेवा.

ट्रे आणि डिकी खडखडते.

नंबर प्लेटच्या मागे रबरी वायसर, डिकीच्या झाकणाला नवीन बीडिंग (कडेची रबरी पट्टी), जॅक आणि पाना फडक्यात गुंडाळून. त्यावरही वाजत राहिलं तर पत्र्याला आतून ब्यूटाइलचा (हादरे शोषणाऱ्या चिकट रबराचा) तुकडा चिकटवा.

गाडी उभी करून किती वेळ ऐकता येईल?

सरासरी चार अँपिअर धरले तर तीन तासांत बारा अँपिअर-अवर गेले. ३६ अँपिअर-अवरच्या बॅटरीचा हा तिसरा हिस्सा झाला, आणि जुनी बॅटरी त्यानंतर स्टार्टर फिरवेलच याची खात्री नाही. तासाभरावर थांबा.

आरटीओची काही अडचण?

ट्रेमधल्या स्पीकरसाठी परवानगी लागत नाही. पण २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली, ती लक्षात ठेवा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी मूळ स्वरूपात असावी, चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिनमध्ये मोठे फेरफार नसावेत अशी अट आहे. अशा नोंदणीची गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नसते. १९७४च्या पहिल्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. न कापलेला पत्रा इथेही उपयोगी पडेल.

माझी गाडी अँबॅसडर आहे. हेच करू का?

ट्रेचं काम तसंच. पण विलायती वंशाच्या काही जुन्या गाड्यांत बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं असतं. कोणतं टोक पत्र्याला जातं ते झाकण उघडून पाहा. अधिक जात असेल तर आजचा डेक किंवा अँप सरळ जोडू नका, जोडताक्षणी जळेल.

सामान कुठे घ्यावं?

मुंबईत वायर, लग, फ्यूज होल्डर लॅमिंग्टन रोडला, गाडीचं रबर आणि बीडिंग ऑपेरा हाउसच्या बाजूला. पुण्यात नाना पेठ. पैसे मोजके असतील तर आधी मागच्या काचेचं रबर, मग वायर आणि फ्यूज, मग प्लाय, आणि उरतील त्यात स्पीकर. जाताना पुठ्ठ्याचा साचा बरोबर न्या आणि स्पीकर दुकानातच त्याच्यावर ठेवून पाहा.